दुसऱ्या हाकेपर्यंत

बुधवारची सूट बंद झाली आहे, हे सोयराबाईंना बिल होईपर्यंत कळलं नाही.

येलहंका न्यू टाउनमधल्या त्या सुपरमार्केटात दर बुधवारी साठीच्या पुढच्या गिऱ्हाइकांना दहा टक्के सूट मिळायची. आधार कार्ड दाखवायचं, काउंटरवरची मुलगी जन्मसाल बघून मान हलवायची, आणि बिल कमी व्हायचं. सोयराबाई बहात्तर वर्षांच्या. जुन्या गावातल्या घरून त्या सकाळीच दोन पिशव्या घेऊन चालत निघायच्या. लग्न होऊन आल्या त्या वर्षी सासूबाईंनी बाजाराची पिशवी त्यांच्या हातात दिली होती, ती अजून त्यांच्याच हातात होती. घरात काय शिजायचं, कुणासाठी किती, गूळ कुठला, तूप कुठलं, हे पिशवी जिच्या हातात तिनं ठरवायचं, अशी त्या घरची रीत.

त्या बुधवारी त्यांनी नेहमीसारखं कार्ड पुढे केलं. काउंटरवर भव्या होती. तिनं कार्ड घेतलं नाही.

"अज्जी, आता कार्ड नाही. फोन."

"फोन घरी आहे. कशाला?"

"ॲप पाहिजे अज्जी. वयाची सूट गेली; आता ॲपमध्ये कधी कूपन आलं तर ते मी इथं स्कॅन करते. ह्या महिन्यापासून असंच आहे. बाहेर बोर्ड लावलाय."

हे सगळं कानडीत चाललं होतं. घराबाहेर सोयराबाईंची भाषा कानडी, घरात मराठी, आणि दोन्हींत दोन्हींचे शब्द. बोर्ड त्यांनी पाहिला होता. त्यावर हसणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याचं चित्र तेच होतं, म्हणून खाली काय लिहिलंय ते वाचलं नव्हतं.

"वय तर तेच आहे माझं," त्या म्हणाल्या. "उलट वाढलंय."

भव्या ओशाळली. तेवढ्यात मागून हयवदनराव पुढे सरकले. हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ दर बुधवारी यायचे. त्यांच्याकडे फोन होता, ॲपही होतं. भव्यानं त्यांचा नंबर घातला आणि ओटीपी विचारला. हयवदनराव हातातल्या फोनकडे बघत राहिले.

"ओटीपी माझ्या मुलीला जातो," ते म्हणाले. "तिनंच तिकडून सगळं घालून दिलं होतं. तिचा नंबर आहे."

"मग विचारा ना सर तिला."

"अमेरिकेत आहे. आता झोपली असेल."

रांगेत कुणीतरी हसलं. एक विमान डोक्यावरून गेलं आणि तेवढा वेळ कुणीच काही बोललं नाही. हवाई दलाच्या तळाशेजारी राहणाऱ्यांना वाक्य मध्येच थांबवायची सवय असते. आवाज विरल्यावर भव्या म्हणाली, "सर, स्वल्प बाजूला उभे राहता का?" हयवदनराव बाजूला झाले. थोड्या वेळानं त्यांनी पूर्ण पैसे भरले.

सोयराबाईंनी पिशवीतून तुपाचा डबा काढला आणि काउंटरवर ठेवला. "हे राहू दे." पैसे नव्हते असं नाही. ती सूट त्यांनी कधी मागितली नव्हती. आयुष्यभर त्यांनी जे जे कमी करून घेतलं ते भांडून, आणि हे एकच काय ते न मागता, वय बघून मिळायचं. ते गेलं म्हटल्यावर तूप घ्यावंसं वाटेना.

घरी पिशव्या ठेवताना त्यांनी झालेलं सांगितलं ते चुकलंच, कारण रविवारी मुलानं तोच धागा धरला. अभिमन्यू बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात होता. शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला रोज जायचं-यायचं, म्हणून घरातलं कुठलंही बोलणं रविवारीच व्हायचं.

"आई, स्मृतीच्या फोनवर तेच सामान कमी भावात घरपोच येतं. तू कशाला एवढी पायपीट करतीस?"

"अत्ते, तुमचे गुडघेही दुखतात," स्मृती म्हणाली. ही त्यांची सून; सासूला ती कानडी रीतीनं अत्ते म्हणायची. तिच्या बोलण्यात खोट नव्हती, हे सोयराबाईंना कळत होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "तुम्ही नुसतं सांगा, मी मागवत जाईन."

नुसतं सांगायचं. सोयराबाईंनी सासूबाईंची शेवटची वर्षं पाहिली होती. त्याही खाटेवरून नुसतं सांगायच्या. आधी लोक ऐकायचे, मग हो म्हणायचे, आणि मग हो म्हणून आपल्याला हवं ते आणायचे. आणणाऱ्यांत स्वतः सोयराबाई होत्या.

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. प्रतापराव खुर्चीत फोनवर कुस्त्या बघत होते. चाकांच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली, पण बाजारातून कोथिंबिरीची एक जुडी कधी आणली नव्हती. ते म्हणाले, "तुमचं तुम्ही ठरवा."

"पाडव्यापर्यंत थांबा," सोयराबाई म्हणाल्या. "पाडव्याचं सामान मी माझ्या फोनवरून, सूट घेऊन आणीन. नाही जमलं तर पिशवी हिची. मी तोंडातून शब्द काढणार नाही."

"आई, पैज कशाला?"

"पैज नव्हे. मुदत मागतीय."

स्मृतीनं त्याच संध्याकाळी त्यांच्या फोनवर ॲप घालून दिलं. नंबर त्यांचाच घातला. हयवदनरावांची गोष्ट दोघींच्याही ध्यानात होती. जन्मसाल विचारलं तेव्हा पडद्यावर एक चक्र आलं. ते बोटानं मागं फिरवायचं होतं. सोयराबाई फिरवत गेल्या. नातवंडांची सालं गेली, मुलाचं गेलं, लग्नाचं गेलं, तरी त्यांचं साल काही येईना.

"मधेच थांबलं तर चालेल का?" त्यांनी विचारलं. "इथं मी बरी होते."

स्मृती हसली. मग तिनं टोपली कशी भरायची ते दाखवलं. चित्र शोधायचं, बेरजेच्या खुणेवर बोट ठेवायचं. सोयराबाईंनी तूरडाळ भरली, सोना मसुरी भरली, तुपाचा तो डबा भरला. काय हवं ते ठाऊक असल्यामुळे वेळ लागला नाही. शेवटी खाली रक्कम आली.

"आता हे हिरवं बटण दाबा."

"नाही."

"का?"

"सांगितला भाव आणि घेतलं, असं मी कधी केलंय का?"

"अत्ते, तिथं माणूस नाही. भाव कमी नाही करत ते."

सोयराबाईंनी ऐकून घेतलं, फोन पालथा करून देवळीतल्या समईशेजारी ठेवला आणि भाजी निवडायला बसल्या. प्रतापरावांनी कुस्ती थांबवली. "काय करतीस? फोनला पाठ दाखवतीस?"

सोयराबाईंनी पुढची जुडी सोडली. पण त्यांचं चाललं होतं ते तेच. येलहंक्याच्या संतेत, म्हणजे आठवड्याच्या बाजारात, त्या जे शिकल्या होत्या ते असं: माल नीट निवडायचा, तोलून घ्यायचा, पिशवीतसुद्धा टाकून घ्यायचा. विकणाऱ्याला वाटलं पाहिजे की झालं काम. मग आपला भाव सांगायचा. तो नाही म्हणाला की सगळं परत काढून ठेवायचं आणि उठायचं. पाठ दाखवायची, पण चाल मंद ठेवायची. मागं बघायचं नाही. पहिली हाक येते तेव्हा ऐकूच आलं नाही असं दाखवायचं. दुसरीला फक्त मान वळवायची. ज्याला माल खपवायचा आहे तो दुसरी हाक मारतोच. हातात काठी आली तशी ती मंद चाल आपोआपच जमू लागली होती, पण संतेतले ओळखीचे विकणारे एकेक कमी झाले आणि सुपरमार्केटात पाठ दाखवायला समोर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळीत फोन वाजला. इंग्रजीत काहीतरी होतं. स्मृती घरूनच काम करत होती. तिनं कानातलं काढून वाचलं आणि पुन्हा वाचलं.

"'सोयराबाई, तुमची टोपली तुमची वाट बघत आहे.' असं आहे. आज घेतलं तर पाच टक्के कमी म्हणतायत."

"नाव घेऊन बोलावलं?"

"हो."

"ही पहिली हाक," सोयराबाई म्हणाल्या आणि हातातली गवार मोडत राहिल्या.

पुढच्या दिवशी दुपारी पुन्हा वाजला. आता बारा टक्के होते, आणि फक्त आजच्यापुरते. सोयराबाईंनी हात पुसले, चष्मा लावला, टोपली उघडून प्रत्येक वस्तू जागेवर आहे ना ते पाहिलं आणि हिरवं बटण दाबलं.

स्मृती हसत हसत खालीच बसली. "अत्ते, कुणी टोपली भरून सोडून गेलं की यंत्राला कळतं. ते आपोआप असा निरोप पाठवतं. माणूस नसतं हो मागं."

"नसू दे. त्याला शिकवलं असेल ते माणसानंच ना? तो कधीतरी संतेत बसला असेल."

सामान घरी पाठवू की दुकानातून नेणार, असं ॲपनं विचारलं होतं. सोयराबाईंनी दुकान निवडलं, आणि वार निवडला बुधवार.

भव्यानं बांधून ठेवलेलं सामान आणून दिलं. नंबर सांगितला की काम झालं. कार्ड, वय, काही विचारायचं नव्हतं. तरी सोयराबाईंनी सवयीनं आधार कार्ड काढून पुढे धरलं. भव्यानं ते हातात घेतलं, जन्मसाल पाहिलं, मान हलवली आणि परत दिलं. 

बाहेर कट्ट्यावर हयवदनराव रिकामी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. सोयराबाईंच्या पिशवीतलं तूप बघून त्यांनी भुवया वर केल्या.

"आधी तुमचा नंबर घाला, मुलीचा काढा," सोयराबाई म्हणाल्या. "मग टोपली भरा आणि निघून जा."

"कुठं जायचं?"

"कुठं नाही. फोन ठेवून द्यायचा. बोलावतो तो."

"आणि नाहीच बोलावलं तर?"

"तर तुमच्या मनात खरंच जायचं नव्हतं, हे त्याला कळलं म्हणायचं."

हयवदनरावांनी ह्यावर गंभीरपणे विचार केला. बँकेत कर्ज देताना ते असाच विचार करत असावेत.

दोन महिने असे गेले. पाडवा जवळ आला. कानडी शेजार त्याला युगादी म्हणायचा आणि सोयराबाई दोन्ही म्हणायच्या. त्या दिवशी आनेकलहून धाकटे दीर सगळं कुटुंब घेऊन जेवायला यायचे. पुरण मोठं घालावं लागायचं. हरभऱ्याची डाळ, गूळ, तूप, वेलदोडे, पोळ्यांचं पीठ, कटासाठी खोबरं. सोयराबाईंनी सण चांगला आठवडाभर लांब असताना टोपली भरली, रक्कम पाहिली आणि फोन देवळीत ठेवला.

पहिल्या दिवशी हाक आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फोन वाजायचा आणि सोयराबाई हातातलं काम थांबवायच्या, पण ते कुणाचं तरी सुप्रभात असायचं. टोपली उघडून पाहिली तर सगळं जिथल्या तिथं, भावही तोच. त्यांनी फोन पुन्हा पालथा ठेवला. दुकानात आता सरळ जाऊन पूर्ण पैसे भरून सगळं आणता आलं असतं. मग सामान आलं असतं आणि पिशवी गेली असती.

सण तीन दिवसांवर आला तेव्हा स्मृती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. 

"अत्ते, मी माझ्या फोनवरून घेऊ का? अभिमन्यूला सांगायची काही गरज नाही. तुमच्याच फोनवरून झालं म्हणू."

सोयराबाईंनी तिच्याकडे पाहिलं. ही मुलगी त्यांच्यासाठी खोटं बोलायला तयार होती. त्यांना बरं वाटलं, आणि तसं करणं शक्य नाही हेही त्याच क्षणी कळलं.

"नको बाळ. त्यानं ओळखलं मला."

"कुणी?"

"त्यानंच." त्यांनी देवळीकडे हनुवटी केली. "मी दर वेळी उठून जाते आणि दर वेळी परत येते. कुठलाही विकणारा किती दिवस फसेल? संतेत एक वांगीवाला होता. वर्षभर हाका मारल्या त्यानं. मग एक दिवस मी उठले तर तो बिडी पेटवून दुसरीकडे बघत बसला. त्याला ठाऊक होतं, ही बाई कोपऱ्यावरून वळणार."

"मग काय केलंत?"

"वळले. काय करणार, वांगी चांगली होती." सोयराबाईंनी विळी धुऊन ठेवली. "पुढच्या वेळी सुनंदाअक्काला पाठवलं. शेजारची. तिला तो ओळखत नव्हता. नवीन गिऱ्हाईक बघून त्यानं सुरुवातीलाच कमी सांगितलं."

सुनंदाअक्का आता मुलाकडे म्हैसूरला असायच्या. पण हे बोलता बोलता सोयराबाई थांबल्या होत्या आणि त्यांची नजर बाहेरच्या खोलीत गेली होती. तिथं प्रतापराव छातीवर फोन ठेवून डोळे मिटून पडले होते. फोनमधले पैलवान एकमेकांना धरून त्यांच्या श्वासाबरोबर वर-खाली होत होते.

"अहो, उठा."

"काय झालं?"

"बाजाराला जायचंय."

प्रतापराव खरोखरच चप्पल शोधायला लागले. बसा म्हटल्यावर बसले. स्मृतीनं त्यांच्या फोनवर ॲप घातलं आणि मुद्दाम लांब जाऊन बसली. पुढचं सगळं त्यांनाच करायचं होतं.

"स्वागत आहे म्हणतंय," प्रतापराव म्हणाले. ते जरा सावरून बसले होते. "माझं नाव घालून म्हणतंय."

"म्हणू दे. डाळ घ्या. हरभऱ्याची."

"ही?"

"ती तूर."

"दोन्ही पिवळ्याच आहेत की."

"आजवर रोज कुठली खाल्लीत, ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?"

 प्रतापरावांनी फोन डोळ्यांजवळ नेला आणि दोन्ही डाळींची चित्रं आळीपाळीनं मोठी करून पाहिली. चाकाला तडा आहे का ते बघताना ते असेच बघत असतील, असं सोयराबाईंच्या मनात आलं. तो कारखाना त्यांनी आतून कधी पाहिला नव्हता. गुळापाशी पुन्हा अडलं. काळा घेऊ की पिवळा? काळा का? पिवळ्यात काय घालतात? त्यांनी एवढे प्रश्न विचारले की शेवटी सोयराबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. बाजाराच्या गोष्टी त्यांनी नवऱ्याला कधी सांगितल्या नव्हत्या, कारण त्यानं कधी विचारलं नव्हतं.

टोपली भरली. रक्कम आली. आणि खाली, सणापुरती नव्या गिऱ्हाइकासाठी म्हणून, ती रक्कम खोडून दुसरी आली. सोयराबाईंना कुठल्याही बुधवारी मिळाली त्याहून ही सूट मोठी होती.

प्रतापरावांचं बोट हिरव्या बटणाकडे गेलं आणि थांबलं. "दाबू की उठून जाऊ?"

सोयराबाईंनी दाराकडे पाहिलं. स्मृती कामात असल्यासारखं दाखवत होती. "दाबा," त्या म्हणाल्या. "सण तोंडावर आलाय. आणि नव्या माणसानं फार ताणू नये."

बुधवारी ती दोघं बरोबर गेली. प्रतापरावांनी पिशव्या घेतल्या, कारण सामान त्यांच्या नावावर होतं. भव्यानं त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. "अज्जा, तुम्ही नवीन?" तिनं विचारलं. "नवीन," ते म्हणाले आणि न मागताच आधार कार्ड काढून तिच्यापुढे धरलं, कारण असं करतात हे त्यांनी बायकोकडून ऐकलं होतं. भव्यानं सोयराबाईंकडे पाहिलं, ओठ आवळून हसू आवरलं, जन्मसाल बघितलं आणि मान हलवली.

पाडव्याला आनेकलची मंडळी जेवून गेली. पुरण पुरलं, वर उरलं. पाणी पिता पिता अभिमन्यूनं विषय काढलाच.

"आई, तसं बघितलं तर फोन बाबांचा होता. तू म्हणाली होतीस, माझ्या फोनवरून."

सोयराबाई काही बोलायच्या आत स्मृती म्हणाली, "गूळ कुठला घ्यायचा ते कुणी सांगितलं? डाळ कुणी ओळखली? फोन कुणाचाही असू दे. पिशवी कुणाच्या हातात होती, तेवढं बघा."

"बाबांच्या," अभिमन्यू म्हणाला.

"मी हमाल होतो," प्रतापराव म्हणाले.

अभिमन्यूनं हात जोडले. सोयराबाई ताटं गोळा करत राहिल्या. स्वयंपाकघरात सून शेजारी आली तेव्हा त्यांनी वर न बघता विचारलं, "तुला ते काय आवडतं, तुझ्या माहेरचं, नाचणीचं? पुढच्या टोपलीत तू घाल. मला त्यातलं काही कळत नाही." स्मृती "सरी, अत्ते" म्हणाली, म्हणजे बरं. बरोबर त्याच वेळी विमान गेलं, त्यामुळे ती आणखी काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, आणि सोयराबाईंनी पुन्हा विचारलं नाही.

काही दिवसांनी, संध्याकाळी, प्रतापरावांचा फोन वाजला. ते अंगणात तुळशीला पाणी घालत होते. मधल्या काळात त्यांनी आपल्या मनानंच एक टोपली भरली होती. तिच्यात काय काय होतं, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. तांब्या तसाच ठेवून ते लगबगीनं आत यायला लागले.

"माझीच हाक असणार," ते म्हणाले.

सोयराबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्यांनी पाय आडवा केला.

"पाणी घाला आधी सगळं," त्या म्हणाल्या. "अजून एकदा बोलावू दे."